दुखण्याआधी विसावा : झिजलेल्या गुडघ्यांनी सजगपणे कसं चालावं

एकतीस वर्षं मी शाळेत फळ्यापुढे उभी राहिले. निवृत्त झाल्यावर रोज सकाळी पर्वती चढून यायचं, हा माझा नेम होता. एकशे तीन पायऱ्या, वर देवदेवेश्वराचं दर्शन, खाली उतरून घरी चहा. एका पावसाळ्यात उतरताना उजव्या गुडघ्यात कळ आली. चार दिवसांनी घरचा जिना उतरताना कठडा धरावा लागला आणि महिन्याभरात मांडी घालून जेवायला बसणं बंद झालं. एक्स-रे काढला. ‘गॅप कमी झालीय, सेकंड ग्रेड’ असं कळलं, आणि नात्यातल्या, शेजारच्या सगळ्यांनी एकच सल्ला दिला : चालणं बंद कर, आहे तेवढं वंगण जपून वापर.

मी तो मानला. सात महिने घरात बसले. वजन पाच किलो वाढलं, उजवी मांडी डावीपेक्षा बारीक दिसायला लागली आणि गुडघा आधीपेक्षा जास्त दुखू लागला. मग घाबरून मी दुसरं टोक गाठलं. मोबाइलवर दहा हजार पावलांचा आकडा लावला आणि तो रोज पुरा करायचाच, असं ठरवलं. बाराव्या दिवशी गुडघा सुजून नारळाएवढा झाला.

या दोन चुकांच्या मधली वाट मला एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी दाखवली. त्यांचं पहिलं वाक्य अजून कानात आहे : ‘काकू, तुम्ही पावलं मोजता, पण एकाही पावलाकडे लक्ष देत नाही.’ तिथून पुढे जे शिकले, जे वाचून-विचारून पडताळून घेतलं आणि जे रोज करते, ते इथे क्रमानं लिहिते आहे.

आधी गुडघ्याच्या आत काय चाललंय ते समजून घ्या

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथे भेटतात तिथे दोन्हींच्या टोकांवर गुळगुळीत, चिवट असं आवरण असतं. ती कूर्चा. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. मग तिला पोषण कुठून मिळतं? सांध्यातल्या द्रवातून. पाय टेकला की कूर्चा दाबली जाते आणि तिच्यातलं द्रव बाहेर येतं. पाय उचलला की ती पुन्हा द्रव शोषून घेते. ओलं फडकं पिळून पुन्हा बादलीत सोडावं, तसं हे चालू असतं. आपण ज्याला ‘वंगण’ म्हणतो ते डबीत भरून ठेवलेलं तेल नाही की वापरलं तर संपेल. सांधा हलत राहिला, तरच त्याचं काम नीट चालतं.

झीज झालेली कूर्चा चालण्यानं परत उगवत नाही, हे मात्र सरळ मान्य करून चला. चालण्यानं तीन गोष्टी सुधारतात. गुडघ्याला सांभाळणारे मांडीचे आणि नितंबाचे स्नायू टिकतात, सांधा आखडत नाही, आणि दुखण्याची भीती कमी होते. तिसऱ्या गोष्टीला मी मुद्दाम इतरांइतकंच महत्त्व देते. भीतीनं माणूस पाय आखडून, श्वास रोखून, एका बाजूला झुकून चालतो, आणि तसं चालणं गुडघ्याला आणखी महागात पडतं.

एक्स-रेच्या ग्रेडनं खचून जाऊ नका. शून्य ते चार ही प्रतवारी केलग्रेन आणि लॉरेन्स या दोन डॉक्टरांनी १९५७ साली मांडली. ती हाडांची आहे, दुखण्याची नाही. तिसऱ्या ग्रेडचा गुडघा घेऊन बाजारहाट करणारी माणसं असतात आणि पहिल्या ग्रेडला रात्रभर तळमळणारीही असतात.

चालण्याच्या बाजूनं पुरावाही चांगला आहे. १९९२ साली अमेरिकेत गुडघ्याची झीज असलेल्या रुग्णांना आठ आठवडे देखरेखीखाली चालवलं. ते आधीपेक्षा जास्त अंतर चालू लागले आणि त्यांचं दुखणंही कमी झालं. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्याच एका मोठ्या पाहणीत असं दिसलं, की पन्नाशीच्या पुढची, गुडघ्याची झीज असलेली जी माणसं व्यायाम म्हणून चालत होती, त्यांच्यात गुडघा नव्यानं वरचेवर दुखू लागण्याचं प्रमाण न चालणाऱ्यांपेक्षा कमी होतं.

सुरुवात करण्याआधी

सकाळी उठल्यावर झिजलेला गुडघा आखडलेला असतो, पण दहा-वीस मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात मोकळा होतो. आखडणं तासभर टिकत असेल, हाताची बोटं-मनगटंही सुजत असतील, तर ते वेगळं दुखणं असू शकतं. आपण सरसकट सगळ्यालाच ‘संधिवात’ म्हणतो, पण आमवाताचे उपचार अगदी निराळे असतात. आधी डॉक्टरांकडून निदान पक्कं करून घ्या.

पुढचं काहीही असेल तर चालण्याचा बेत बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा : गुडघा लाल, गरम होऊन ताप आलाय, पडल्यावर किंवा पाय मुरगळल्यावर वजनच टाकता येत नाही, गुडघा मध्येच अडकतो आणि सरळ होत नाही, चालताना एकदम दगा देतो, एकाच पायाची पोटरी सुजून दुखते आहे. चालताना छातीत दडपण आलं किंवा नेहमीपेक्षा वेगळा दम लागला, तर तो गुडघ्याचा प्रश्नच नाही, त्यासाठी लगेच दवाखाना गाठा. मधुमेहामुळे तळपायाची संवेदना कमी झाली असेल तर रोज तळवे डोळ्यांनी तपासा. त्यांना बूट लागल्याचं कळत नाही.

बुटांबद्दल माझं मत पक्कं आहे. टाचेला घट्ट धरणारा, तळ न घसरणारा, पुढे बोटांना जागा असलेला बूट घ्या. पायात नुसती स्लिपर सरकवून फिरायला जाऊ नका. ती निसटू नये म्हणून बोटं सतत आवळली जातात आणि पाऊल फरपटतं. बूट नकोच असतील तर मागे पट्टा असलेली सँडल चालेल. पातळ, लवचीक, अनवाणी चालल्याचा भास देणारे बूट मध्यंतरी फार चालले होते. ऑस्ट्रेलियात २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बऱ्यापैकी झीज झालेल्या गुडघ्यांना त्यांच्यापेक्षा भक्कम, आधार देणारे बूट अधिक सुखाचे ठरले.

जागा सपाट हवी. सोसायटीच्या आवारातले पेव्हर ब्लॉक उखडलेले असतील तर शाळेचं मैदान, बागेतला मातीचा ट्रॅक किंवा घराची गच्ची पाहा. कोकणात अंगणातून घाटी उतरूनच रस्त्याला लागावं लागतं. तिथे सुरुवातीचे आठ-पंधरा दिवस अंगणातच फेऱ्या घाला. दर पाच मिनिटांवर टेकायला कट्टा, बाक किंवा खुर्ची हवी. ही अट सोडू नका, कारण पुढचं सगळं त्या बाकावर अवलंबून आहे.

काठीची लाज वाटते, मलाही वाटली होती. पण काठीमुळे दुखऱ्या गुडघ्यावरचा भार खरोखर कमी होतो, फक्त ती योग्य हातात हवी. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. उंची अशी बेता की हात सैल सोडल्यावर मूठ मनगटाच्या रेषेला यावी आणि धरल्यावर कोपर किंचित वाकावं. दुखरा पाय आणि काठी एकाच वेळी पुढे पडतात. काठीच्या टोकाचं रबर झिजलं की लगेच बदला.

पहिली पायरी : आपली हद्द शोधा

दोन दिवस काहीही न बदलता नेहमीसारखं चाला आणि दुखणं वाढायला सुरुवात कितव्या मिनिटाला होते ते पाहा. माझं नवव्या मिनिटाला व्हायचं. आता त्याचे दोन तृतीयांश करा, म्हणजे माझ्यासाठी सहा मिनिटं. पहिला आठवडा एका दमात एवढंच चालायचं.

दुखत नसताना थांबायचं कसं, हा प्रश्न मला फार छळत होता. उत्तर वारीत सापडलं. ज्ञानोबांची पालखी आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर जाते आणि त्या वाटेवर सत्तरी ओलांडलेल्या, गुडघे दुखणाऱ्या कितीतरी माउली चालत असतात. त्या चालू शकतात याला श्रद्धा हे कारण आहेच, पण वाटेची आखणी हेही आहे. विसावा आधीच ठरलेला असतो. कुणाचे पाय दुखायला लागले म्हणून पालखी थांबत नाही. विसाव्याची जागा आली म्हणून थांबते. दिवे घाट चढून सासवडला मुक्कामाला पोचणारी ती लांबलचक वाटही अशीच तुकड्या-तुकड्यांनी पार होते.

आपणही हेच करायचं. सहा मिनिटं चालून दोन मिनिटं बाकावर बसायचं, मग पुन्हा सहा मिनिटं. गुडघा कुरकुरत नसला तरी बसायचंच. दुखल्यावर घेतलेल्या विश्रांतीतून मेंदू एवढंच शिकतो, की चालणं म्हणजे दुखणं. दुखण्याआधी घेतलेल्या विसाव्यातून तो शिकतो, की इतकं चालणं आपल्याला झेपतं.

दुसरी पायरी : निघण्याआधीची पाच मिनिटं

अंथरुणातून उठल्या उठल्या बाहेर पडू नका. चहा होऊ द्या, घरातल्या घरात थोडं हिंडा. मग खुर्चीवर बसून एकेक पाय सावकाश सरळ करा, पाच मोजेपर्यंत धरा, खाली सोडा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. घोटे गोल फिरवा. मग ओट्याला धरून उभं राहा आणि टाचा दहा वेळा उचला.

त्यानंतर अर्धा मिनिट नुसतं उभं राहायचं. वजन दोन्ही पायांवर सारखं आहे का? माझं नेहमी डाव्यावर असायचं आणि हे मला कित्येक महिने कळलंच नव्हतं. गुडघे मागे ताणून कुलूप लावल्यासारखे घट्ट केलेत का? जरा सैल सोडा. जबडा आवळलाय का, खांदे कानांपाशी गेलेत का, तेही बघून घ्या. मग त्या क्षणी गुडघा किती दुखतोय ते आण्यांमध्ये ठरवा.

आण्यांचा हिशोब असा : डॉक्टर शून्य ते दहा आकडे विचारतात, पण माझ्या आईला ते कधी जमलं नाही. ती म्हणायची, ‘आज चार आणे दुखतंय.’ सोळा आणे म्हणजे सोसवणार नाही असं दुखणं. चालताना चार-पाच आण्यांपर्यंत दुखलं तर चालत राहायला हरकत नाही. सहा-सात झाले तर पाऊल लहान करा, वेग कमी करा, जवळच्या बाकावर टेका. आठ आणे ही हद्द. तिथे त्या दिवसाचं चालणं संपलं.

दुसरी कसोटी त्याहून मोलाची आहे : दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला दुखणं कालच्या पातळीवर परत आलंय का? आलं असेल तर मात्रा बरोबर होती. वाढलेलंच असेल किंवा सूज आली असेल, तर काल जास्त झालं. म्हणून आज गुडघा छान वाटतोय या आनंदात दुप्पट चालू नका. त्याचं बिल दुसऱ्या दिवशी येतं.

तिसरी पायरी : पाऊल ऐका

आता या सगळ्याच्या गाभ्याकडे येते. सजग चालणं म्हणजे डोळे मिटून संथ चालणं नव्हे. बौद्ध परंपरेत चालत करायच्या ध्यानाला चंक्रमण म्हणतात. पाली ग्रंथांत त्याचे पाच लाभ सांगितले आहेत. त्यांत लांबच्या वाटेला अंग तयार होणं आणि खाल्लेलं नीट पचणं यांसारख्या अगदी व्यवहारी गोष्टी आहेत. आपल्या घरातली जेवणानंतरची शतपावली मला त्याच कुळातली वाटते. १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी सजगतेचे वर्ग सुरू केले. त्यांतही चालत केलेलं ध्यान होतं.

फोन खिशात, कानात काही नाही, सोबत बोलणारं कुणी नाही. निदान पहिला तुकडा तरी असा एकट्यानं चाला. लक्ष एका वेळी एकाच गोष्टीवर ठेवायचं.

पहिल्या मिनिटभर फक्त तळवा. टाच टेकली, भार बाहेरच्या कडेनं पुढे सरकला, चवड्यावर आला, अंगठ्यानं जमीन मागे ढकलली. प्रत्येक पावलात हे चार क्षण ओळखता येतात का ते बघा. टाच टेकण्याऐवजी सबंध पाऊल धपकन पडत असेल, तर तुम्ही बहुधा फार लांब ढांग टाकताय किंवा पाय पुरेसा उचलत नाही आहात.

दुसऱ्या मिनिटाला आवाज. मला सगळ्यांत जास्त उपयोग याचा झाला. दोन्ही पावलांचा आवाज सारखा येतो का? माझ्या डाव्या पावलाचा ‘धप्’ आणि उजव्याचा ‘सर्र’ असा यायचा. उजवा पाय मी घाईघाईनं उचलत होते आणि सगळा भार डाव्यावर आपटत होते. कुणी सांगून हे कळलं नसतं. दोन्ही आवाज सारखे आणि हलके करायचे, एवढंच लक्ष्य ठेवलं आणि लंगडणं तीन आठवड्यांत निम्म्यावर आलं.

मग गुडघा. टाच टेकते तेव्हा गुडघा किंचित मऊ असू द्या, काठीसारखा ताठ नको. गुडघ्याची वाटी पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेनं जाते की आत कलते, ते वरून एकदा नजर टाकून पाहा. आत कलत असेल तर चालताना नितंबाचा स्नायू हलकासा आवळा. पावलं मुद्दाम आत किंवा बाहेर वळवण्याचे प्रयोग मात्र आपल्या मनानं करू नका. त्यासाठी चालणं प्रत्यक्ष पाहणारा तज्ज्ञ लागतो.

लहान पावलं टाका. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. जर्मनीत कृत्रिम गुडघ्यात मोजयंत्रं बसवून हे मोजलं गेलं आहे. पाऊल लहान केलं की दर पावलाचा धक्का कमी होतो, आणि वेग टिकवायचा तर पावलं जरा भरभर टाका. सांगितलं तर फार किरकोळ वाटतं, पण गुडघा हा फरक त्याच दिवशी ओळखतो.

उरलेला वेळ श्वास आणि आजूबाजू. किती पावलांत श्वास आत जातो, किती पावलांत बाहेर? बदलायचा नाही, नुसता बघायचा. दुखरं पाऊल पडताना श्वास अडकत असेल तर तिथेच मुद्दाम सोडा. मग नजर वर : झाडं, उन्हाचा कवडसा, लांबून येणारा घंटेचा आवाज. लक्ष सतत गुडघ्यावरच ठेवलं तर दुखणं वाढल्यासारखं वाटतं, म्हणून ते बाहेर नेणंही तितकंच गरजेचं.

मन भटकेल. माझं ठरलेल्या जागी जायचं : ऑपरेशन करावं लागलं तर खर्च किती, मुलाला रजा मिळेल का, मी अंथरुणाला खिळले तर? असं झालं की मनात फक्त ‘काळजी’ असा शब्द म्हणायचा आणि पुढच्या टाचेवर परत यायचं. स्वतःला रागवायचं नाही. काही आठवड्यांनी एक वेगळंच लक्षात आलं. गुडघ्यातली कळ दोन आण्यांची असते आणि तिच्यावर चढलेली काळजी सहा आण्यांची. दोन्ही वेगवेगळ्या दिसायला लागल्या की चालताना खूप हलकं वाटतं.

चौथी पायरी : हळूहळू वाढवा, वहीत लिहा

आठवडाभर दुसऱ्या दिवशीची कसोटी पास झाली, तरच प्रत्येक तुकड्यात एक मिनिट वाढवा. माझं साधारण असं झालं : पहिल्या आठवड्यात सहा मिनिटांचे दोन तुकडे, चौथ्यात नऊ मिनिटांचे दोन, आठव्यात दहा-दहाचे तीन. मध्ये दोन आठवडे काहीच वाढवलं नाही, कारण घरात लग्न होतं आणि दिवसभर उभं राहणं चालूच होतं. ते उभं राहणंही गुडघ्याच्या हिशोबात धरावं लागतं. बाजार, देवळातली रांग, स्वयंपाकाच्या ओट्यापुढचा तास, सगळं त्याच खात्यातून जातं.

वहीत एका दिवसाला एक ओळ पुरते : किती मिनिटं, आधी किती आणे, नंतर किती, दुसऱ्या दिवशी सकाळी किती. जमलं तर रात्रीची झोप. महिन्याभरात तुमचा आकृतिबंध दिसायला लागतो. माझं दुखणं चालण्यापेक्षा अपुऱ्या झोपेनं जास्त वाढतं, हे मला वहीनंच सांगितलं. डॉक्टरांकडे जाताना ही वही न्या. ‘बरं नाही वाटत’ यापेक्षा तिच्यातल्या ओळी त्यांना जास्त कामाच्या ठरतात.

दहा हजार पावलांचा आग्रह सोडा. गुडघ्याची झीज असलेल्यांच्या २०१४ सालच्या एका अभ्यासात दिवसाला सुमारे सहा हजार पावलं चालणाऱ्यांना पुढे हालचालींची अडचण येण्याचा धोका कमी दिसला, आणि त्यात घरातली पावलंही धरलेली होती. तिथपर्यंत पोचायला तीन महिने लागले तरी चालेल. वेग किती? बोलता यावं, पण अख्खा अभंग म्हणताना दम लागावा, इतका. तोही पुढच्या टप्प्यावर; पहिले चार आठवडे वेगाचा विचारच नको.

जिना, चढ आणि उतार

त्या जर्मन मोजमापांत जिना चढताना वजनाच्या तीन पटींहून थोडा अधिक आणि उतरताना साडेतीन पटींच्या जवळ भार दिसला. म्हणजे उतरणं चढण्यापेक्षा जड. आपण टेकडीवर गेल्यावर नेमका चढ जपून चढतो आणि उतार भराभर उतरतो.

नियम एकच पाठ करा : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. दुखऱ्या दिवसांत एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून मगच पुढची पायरी घ्या. कठडा धरा, आणि हातात पिशवी असेल तर ती खांद्याला अडकवा म्हणजे हात मोकळा राहतो. उतरताना पावलाचा आवाज येऊ द्यायचा नाही, ही सजगतेची कसोटी जिन्यावर फार चांगली लागू पडते. तळजाई असो, हनुमान टेकडी असो की गावाकडचा गड, सपाटीवर अर्धा तास सुखानं चालता येईपर्यंत चढ-उताराच्या वाटा थांबवा.

उकिडवं बसणं आणि मांडी घालून बराच वेळ बसणं दुखऱ्या काळात टाळा. घरात कमोड नसेल तर संडासात वापरायची खुर्ची मिळते, ती आणा.

चालण्याला जोड

नुसत्या चालण्यानं मांडीचा पुढचा स्नायू पुरेसा मजबूत होत नाही. दोन व्यायाम एकदिवसाआड करा. पहिला : पाय पसरून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघ्यानं ती खाली दाबा, पाच मोजा, सोडा, दहा वेळा. दुसरा : हाताचा आधार न घेता किंवा जमेल तेवढाच घेऊन खुर्चीवरून उठा आणि सावकाश बसा, आठ-दहा वेळा. बसताना धपकन पडायचं नाही. खुर्ची खाली वाटत असेल तर वर उशी ठेवा.

वजनाबद्दल एकच सांगते. लठ्ठ आणि गुडघ्याची झीज असलेल्या रुग्णांच्या अभ्यासात एक किलो वजन उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी झालेला दिसला. माझे वाढलेले पाच किलो उतरायला दीड वर्ष लागलं. रात्रीचा भात निम्मा केला, चहाची साखर गेली, बाकी काही केलं नाही.

वेदनाशामक गोळी घेऊन गुडघा बधिर करून चालू नका. मग आण्यांचा हिशोबच खोटा ठरतो. वरून लावायचं औषधी मलम पुष्कळांना पुरतं, तेही डॉक्टरांना विचारूनच. निकॅपनं धीर येत असेल तर चालताना घाला, घरी बसल्यावर काढा.

गुडघा बिघडला तर

बिघडतो. थंडीत, प्रवासानंतर, कधी काही कारण नसतानाही. त्या दिवशी पूर्ण अंथरूण धरू नका. चालणं निम्म्यावर आणा, तेही घरातल्या घरात : पॅसेजमध्ये दोन-तीन मिनिटांच्या चार-पाच फेऱ्या, दिवसभरात विखरून. सूज असेल तर बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं. नुसताच आखडला असेल तर शेक. खुर्चीवर बसून पाय सरळ करण्याचा व्यायाम चालू ठेवा. दोन-तीन दिवसांत उतार पडला की आधीच्या आठवड्याच्या मिनिटांपासून पुन्हा सुरू करा. सूज आठवड्यावर टिकली तर दाखवून घ्या.

पावसाळ्यात निसरड्या रस्त्यावर जाण्याचा हट्ट नको. आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये एक फेरी सत्तर पावलांची होते. जुलै-ऑगस्टमध्ये मी तिथेच चालते. एकाच जागी फिरल्यानं कंटाळा येईल असं वाटलं होतं, पण पावलांचा आवाज तिथे सगळ्यांत स्वच्छ ऐकू येतो.

गेल्या मार्गशीर्षात, अडीच वर्षांनी, मी पुन्हा पर्वती चढले. पायऱ्या रुंद आहेत, त्यामुळे एकेका पायरीवर दोन-तीन लहान पावलं टाकत गेले. काठी डाव्या हातात, विसावे आधीच ठरवलेले. उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. त्या दिवशीच्या वहीतली ओळ अशी आहे : पर्वती, चार विसावे, आधी दोन आणे, नंतर चार, दुसऱ्या दिवशी सकाळी दोन.